जनुकपरिवर्तित कापूस आणि संयुक्त ताण : विदर्भातील कोरडवाहू पऱ्हाटीच्या इतिहासाचा एक विचार

विदर्भातील कापसाच्या अलीकडील इतिहासाविषयी जे लेखन झाले आहे, त्याचे स्थूलमानाने दोन पक्ष पडतात. एक पक्ष बीटी वाणांच्या आगमनास समृद्धीचे कारण मानतो. दुसरा त्याच आगमनास नापिकीचे, कर्जबाजारीपणाचे व शेतकऱ्यांच्या आत्महत्यांचे मूळ समजतो. दोन्ही पक्षांची विचारपद्धती मात्र एकच आहे. परिणाम एक, म्हणून त्याचे कारणही एकच असले पाहिजे, असे दोघेही गृहीत धरतात. प्रस्तुत निबंधात हे गृहीतच तपासावयाचे आहे. शेतातील पीक उष्णता, पावसाचा खंड, साचलेले पाणी, अन्नद्रव्यांची उणीव आणि कीड यांना एकेकटे सामोरे जात नाही. ही संकटे त्याच्यावर जोडीने किंवा एकामागून एक लगोलग येतात. परदेशी जनुक घेऊन आलेली पऱ्हाटी अशा एकत्रित ताणाखाली कशी वागली, ही केवळ वनस्पतिशास्त्राची बाब नव्हे. नुकसान कोणाच्या नावे मांडावयाचे हे तिच्यावर ठरत आले आहे, आणि म्हणून ती इतिहासाचीही बाब आहे.

परके कापूसबियाणे काळ्या जमिनीत आणण्याचा हा पहिला प्रयत्न नव्हे, हे प्रथम लक्षात घ्यावयास हवे. ईस्ट इंडिया कंपनीने १८४० मध्ये अमेरिकेतून दहा मळेवाले आणविले आणि निरनिराळ्या प्रांतांत अमेरिकन कापसाच्या लागवडीस त्यांना लावले. धारवाडच्या बाजूस तेवढे हे पीक रुजले. अन्यत्र हा उद्योग बहुतांशी फसला. फसण्याची कारणमीमांसा त्या काळी रयतेचा आळस, सावकारी, दलालांची भेसळ अशा अंगांनी पुष्कळ झाली. परंतु जून-जुलैच्या ओल्या चिखलात उभे राहून पुढे ऑक्टोबरनंतर भेगाळलेल्या जमिनीत बोंडे पोसावयाची, हा क्रम अमेरिकन जातीच्या प्रकृतीस मानवण्यासारखा नव्हता, ही साधी गोष्ट त्या चर्चेत मागे पडली.

वऱ्हाड १८५३ मध्ये निजामाकडून इंग्रजांच्या ताब्यात गेले. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे १८६१ ते १८६५ या काळात कापसास अभूतपूर्व भाव आला, आणि १८६७ मध्ये रेल्वे नागपूरपर्यंत पोचली. मध्यप्रांत व वऱ्हाडचे कापूस-आयुक्त रिव्हेट-कार्नाक यांनी हिंगणघाटच्या 'बनी' जातीचा प्रसार करण्याची खटपट केली. बनीचा धागा तलम होता, पण सरकीच्या मानाने रुई कमी निघे. शेतकरी हळूहळू आखूड धाग्याच्या 'जरी' मिश्रणाकडे व पुढे 'रोझियम'सारख्या जाड्याभरड्या पण भरपूर रुईच्या देशी जातींकडे वळला. मँचेस्टरच्या दृष्टीने हा ऱ्हास होता. तथापि ह्या देशी जाती (शास्त्रीय परिभाषेत गॉसिपियम आर्बोरियम) खोल मुळांच्या, खंड सोसणाऱ्या व तुडतुड्यांना बऱ्याच अंशी दाद न देणाऱ्या होत्या. शेतकऱ्याने धाग्याची लांबी देऊन पिकाची निश्चिती विकत घेतली, असे म्हणावयास हरकत नाही.

हा सौदा विसाव्या शतकात उलटला. लांब धाग्याची मागणी वाढली आणि बुरी-१४७ सारखे अमेरिकन जातीचे वाण पसरले. १९७० मध्ये सुरत येथे सी. टी. पटेल यांनी एच-४ हा व्यापारी लागवडीचा पहिला संकरित कापूस सिद्ध केला. १९७२ मध्ये धारवाडहून 'वरलक्ष्मी' आला. संकरित बियाण्यासाठी नर-मादी हाताने जुळवावी लागते व ते दरवर्षी नवे घ्यावे लागते, म्हणून जगातील बहुतेक कापूस-उत्पादक देशांनी हा मार्ग मोठ्या प्रमाणावर स्वीकारला नाही. भारताने तो स्वीकारला. बियाणे महाग झाल्यामुळे ते विरळ टोबले जाऊ लागले. विरळ लावलेले झाड मोठे वाढते, जास्त दिवस उभे राहते, आणि पावसाळा संपल्यावर दोन-तीन महिने जमिनीतील उरलेल्या ओलीवर बोंडे भरते. पुढे बीटी कापसाविषयी जे वाद झाले, त्यांची मुळे मोठ्या प्रमाणात ह्या १९७० नंतरच्या रचनेत आहेत. त्या वादांत हा दुवा अभावानेच आढळतो.

आता जनुकाकडे वळू. बॅसिलस थुरिंजिएन्सिस हा जिवाणू १९०१ मध्ये जपानात इशिवाता यांना रेशीमकिड्यांच्या रोगाचा शोध घेताना आढळला, आणि १९११ मध्ये जर्मनीतील थुरिंजिया प्रांतात बर्लिनर यांना पिठातील पतंगाच्या अळीत तो पुन्हा सापडला. ह्या जिवाणूचे क्राय-१-एसी हे प्रथिन तयार करणारे जनुक अमेरिकेत मोन्सॅन्टो कंपनीने 'कोकर-३१२' ह्या वाणात घातले. हा कापूस १९९६ मध्ये अमेरिकेत व ऑस्ट्रेलियात, १९९७ मध्ये चीनमध्ये शेतात आला. भारतात २००१ मध्ये गुजरातेत 'नवभारत-१५१' हे विनापरवाना बीटी वाण हजारो एकरांवर उभे असलेले आढळले. त्यानंतर २६ मार्च २००२ रोजी जनुकीय अभियांत्रिकी मान्यता समितीने महिको कंपनीच्या मेक-१२, मेक-१६२ व मेक-१८४ ह्या तीन संकरित वाणांस मध्य व दक्षिण भारतासाठी मान्यता दिली. क्राय-२-एबी हे दुसरे जनुक जोडलेले वाण २००६ मध्ये आले.

मान्यतेच्या सुमारास जो पुरावा जगापुढे ठेवला गेला, त्यात मतीन कैम व डेव्हिड झिल्बरमन यांचा २००३ चा निबंध प्रमुख होय. २००१ च्या चाचणी-शेतांवरून त्यांनी बीटी वाणांचे उत्पादन सुमारे ८० टक्क्यांनी अधिक असल्याचे दाखविले. ते वर्ष बोंडअळीच्या असाधारण उपद्रवाचे होते. ज्या वर्षी एक शत्रू सर्वांवर मात करतो, त्या वर्षी त्या शत्रूवरचा उपाय सर्वांत गुणकारी ठरणार, हे उघड आहे. पुढे २००२ ते २००८ ह्या काळातील पाहणीवरून कैम व काथागे यांनी २०१२ मध्ये जो आकडा दिला, तो एकरी उत्पादनात २४ टक्के वाढीचा होता. ८० वरून २४ वर येणे हे लेखकांच्या विश्वासार्हतेस बाध आणणारे नव्हे. अनेक वर्षांचे व अनेक ताणांचे हवामान हिशेबात घेतले की आकडा कसा बदलतो, याचे ते उदाहरण आहे.

उलट बाजूने क्रांती व स्टोन यांनी २०२० मध्ये दीर्घकालीन आकडेवारी मांडून दाखविले की, देशातील हेक्टरी रुईचे उत्पादन २००१-०२ च्या ३०८ किलोग्रॅमवरून २००४-०५ मध्ये ४७० पर्यंत चढले, तेव्हा बीटीखालील अधिकृत क्षेत्र जेमतेम ५ ते ६ टक्के होते. नवी कीटकनाशके, खते व गुजरातेतील सिंचन यांचा त्यात मोठा वाटा होता. बीटीचे क्षेत्र ९० टक्क्यांच्या पलीकडे गेल्यानंतर मात्र उत्पादन पुढे सरकले नाही. महाराष्ट्राची सरासरी तर बरीच वर्षे गुजरातच्या निम्म्याच्या आसपास राहिली. एकच जनुक दोन शेजारी राज्यांत इतके निराळे फळ देते, याचा अर्थ फळ केवळ जनुकाचे नाही.

येथे शरीरक्रियाशास्त्राने दिलेली एक गोष्ट इतिहासाच्या अभ्यासकाने नीट समजून घेणे आवश्यक आहे. बीटी कापसातील जनुकास फुलकोबीच्या विषाणूतून घेतलेला प्रवर्तक जोडलेला असतो. तो झाडाच्या सर्व भागांत व सर्व काळ जनुक चालू ठेवतो, अशी कल्पना होती. जनुक चालू राहिले तरी त्यापासून होणारे प्रथिन झाडाच्या एकंदर नत्रव्यवहारावर अवलंबून असते, आणि नत्रव्यवहार ताणाखाली बिघडतो. अमेरिकेत पहिल्याच वर्षी, १९९६ मध्ये, टेक्ससच्या काही भागांत बीटी कापसावर बोंडअळीचे नुकसान दिसून आले. ऑस्ट्रेलियात हंगामाच्या उत्तरार्धात प्रथिनाचा जोर ओसरतो असे आढळल्याने व प्रतिकारशक्तीच्या भीतीने एकजनुकी वाणाच्या क्षेत्रावर मर्यादा घालण्यात आली. द्विजनुकी वाण येताच एकजनुकी वाण तेथून काढून घेतले गेले. नागपूरच्या केंद्रीय कापूस संशोधन संस्थेत केशव क्रांती व सहकाऱ्यांनी भारतीय संकरित वाणांची तपासणी करून २००५ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. पानांत प्रथिन सर्वाधिक. परंतु फुलातील बीजकोश व हिरव्या बोंडाची साल येथे, म्हणजे अळीचे खाद्य नेमके जेथे, तेथे ते सर्वांत कमी. झाडाचे वय वाढते तसे ते आणखी घटत जाते.

चीनमधील यांगझोऊ विद्यापीठातील प्रयोगांत तीव्र उष्णतेचा परिणाम पाते लागण्याच्या अवस्थेत फारसा दिसला नाही, पण बोंडे भरण्याच्या अवस्थेत पानांतील बीटी प्रथिन लक्षणीय प्रमाणात उतरले. शांडोंगमधील अभ्यासकांनी २००८ मध्ये क्षार व साचलेले पाणी यांचा एकएकटा आणि एकत्रित असा दोन्ही प्रकारचा परिणाम मोजला. प्रथिनाचे प्रमाण व अळीनाशक शक्ती दोन्ही घटल्या. ह्या प्रयोगांमागील तात्त्विक भूमिका रॉन मिटलर व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००२ पासून तंबाखू व अ‍ॅराबिडॉप्सिस ह्या वनस्पतींवर काम करून स्पष्ट केली होती. कोरड व उष्णता एकत्र आल्यास झाडाचे जे वर्तन होते, ते केवळ कोरडीतील व केवळ उष्णतेतील वर्तनांची बेरीज करून काढता येत नाही. कारण दोन संकटांच्या मागण्याच परस्परविरोधी असतात. उष्णतेत पान थंड राखण्यासाठी पर्णरंध्रे उघडी हवीत; कोरडीत पाणी वाचविण्यासाठी ती मिटलेली हवीत. नुसत्या कोरडीत प्रोलिन साठविणारी अ‍ॅराबिडॉप्सिस दोन्ही ताणांत त्याऐवजी शर्करा साठविते, असे २००४ मध्ये दिसून आले. एकेका ताणासाठी मुद्दाम घडविलेली जनुकपरिवर्तित पिकेही निघाली आहेत. अमेरिकेत २०११ मध्ये मान्यता मिळालेला कोरड सोसणारा मका आणि अर्जेंटिनात २०२० मध्ये मान्य झालेला सूर्यफुलाच्या जनुकाचा एचबी-४ गहू ही ती उदाहरणे. त्यांचे मूल्यमापनही ह्याच कसोटीवर करावे लागेल. विदर्भातील कापसास मात्र असे जनुक दिलेलेच नव्हते. त्याचे जनुक अळीपुरते होते, आणि अपेक्षा सर्व संकटांपासून सुटकेची होती.

ह्या विवेचनाचा प्रत्यक्ष आधार शेतकऱ्यांच्या दोन शब्दांत आहे : 'लाल्या' आणि 'आकस्मिक मर'. कार्यालयीन अहवालांत ह्या दोहोंना कधी रोग, कधी विकृती म्हटले आहे. पण त्यांच्यामागे कोणताही जंतू नाही.

लाल्यात पाने कडेकडून लाल होतात, हरितद्रव्य नाहीसे होते, पाने वाळून गळतात व बोंडे अर्धीकच्ची उमलतात. कारणे विचारली तर प्रत्येक तज्ज्ञ आपापले कारण सांगतो. मृदशास्त्रज्ञ मॅग्नेशियम व नत्र यांच्या उणिवेकडे बोट दाखवितो; हवामानतज्ज्ञ रात्रीचे तापमान एकाएकी उतरल्याचे सांगतो; कीटकशास्त्रज्ञ तुडतुड्यांनी रस शोषल्याचे म्हणतो. ह्यांपैकी कोणीही चुकीचे सांगत नाही. हलक्या, बरड जमिनीत ओल संपत आलेली, मुळांना नत्र व मॅग्नेशियम उचलता येत नाही, वर थंडी पडू लागलेली, आणि त्याच वेळी झाडावर बोंडांचा पूर्ण भार, अशा संगमावर लाल्या येतो. बीटीचा संबंध ह्या शेवटच्या घटकाशी आहे. पूर्वी पहिल्या फेरीतील पाते व बोंडे अळी खाऊन टाकी, आणि झाड पुन्हा नवी पाते धरी. ते नुकसानच होते, परंतु त्यामुळे झाडाचा भार काळात विभागला जाई. अळी आवरली गेल्यावर बहुतेक बोंडे एकाच सुमारास टिकून राहिली; पानांतील अन्न त्यांनी ओढून घेतले आणि झाड लवकर म्हातारे होऊ लागले. ही अकाली वार्धक्याची प्रवृत्ती नागपूरच्या संस्थेतील वनस्पतिशरीरक्रियेच्या अभ्यासकांनीही नोंदविली आहे. म्हणजे जनुकाने आपले काम चोख केले, आणि त्या चोखपणामुळेच जमीन व हवामान यांच्या उणिवा उघड्या पडल्या. 'बीटीमुळे लाल्या आला' हे विधान म्हणून असत्य आहे, आणि 'बीटीचा लाल्याशी संबंध नाही' हे विधानही तितकेच असत्य आहे.

आकस्मिक मर तर ताणांच्या क्रमाचेच नाव आहे. पावसाचा लांब खंड, लखलखीत ऊन, आणि मग एकाच रात्री जमीन तुडुंब करणारा पाऊस किंवा घाईने दिलेले पाणी. चोवीस ते अठ्ठेचाळीस तासांत भरल्या बोंडांची झाडे मान टाकतात. काळी जमीन पाणी धरून बसते, मुळांचा श्वास कोंडतो, आणि पाणी भोवती असूनही वर चढत नाही. इकडे मोठ्या पानोऱ्याची व बोंडांची मागणी चालूच असते. हा प्रकार संकरित वाणांबरोबर पुढे आला, बीटीच्या पुष्कळ आधी. बोंडांचा भार जितका अधिक, तितका धोका अधिक. कोरड मोजणाऱ्यास हे वर्ष चांगल्या पावसाचे वाटते, आणि पाऊस मोजणाऱ्यास सरासरीचे. मासिक पर्जन्यमानाच्या तक्त्यांवरून कापसाचा इतिहास लिहिणाऱ्यांनी ह्याची दखल घ्यावी. येथे नुकसान मिलिमीटरात नसून दोन पावसांमधील अंतरात असते.

गुलाबी बोंडअळीचे प्रकरण ह्यापुढचे आहे, व ते अधिक परिचित असल्याने थोडक्यात सांगतो. एकजनुकी वाणास ही अळी गुजरातेतील चार जिल्ह्यांत प्रतिकार करू लागल्याचे २०१० मध्ये मोन्सॅन्टोनेच जाहीर केले. पुढे द्विजनुकी वाणही तिच्यापुढे निष्प्रभ झाले, आणि २०१७ च्या हंगामात विदर्भ, मराठवाडा व खानदेश येथे अनर्थ झाला. बाजूस बिगरबीटी ओळी लावण्याचा नियम क्वचितच पाळला गेला, हे खरे. पण संकरित पद्धतीचा दोष त्याहून खोल होता. बीटी जनुक बहुधा एकाच पालकाकडून येते. म्हणून शेतातील बोंडांत जी सरकी धरते, तिच्यात एकजनुकी वाणात चतुर्थांश दाणे विषहीन निघतात, आणि द्विजनुकी वाणात सोळांतील एक दाणा दोन्ही विषांवाचून असतो. सरकी खाणाऱ्या अळीस एकाच बोंडात सौम्य व तीव्र अशा सर्व मात्रा मिळाल्या. प्रतिकारशक्तीची याहून सोयीची शाळा कोणी योजूनही काढली नसती. त्यात दीर्घ मुदतीचे झाड, उतरत्या वयात ओसरलेले प्रथिन, आणि चार बोंडे आणखी मिळावीत म्हणून फेब्रुवारी-मार्चपर्यंत राखलेली फरदड. सरळ बीटी वाणाचा पर्याय म्हणून 'बिकानेरी नर्मा बीटी' यास २००८ मध्ये मान्यता मिळाली होती, परंतु त्यात मोन्सॅन्टोचे जनुक मिसळल्याचा प्रश्न उपस्थित होऊन ते मागे घ्यावे लागले.

आता नुकसान मांडण्याच्या प्रश्नाकडे येऊ. शासनाच्या दप्तरात प्रत्येक संकटास स्वतंत्र रकाना आहे. दुष्काळासाठी महसूल खात्याची पैसेवारी असून, पन्नास पैशांच्या आत असणाऱ्या गावास दीर्घकाळ टंचाईग्रस्त मानले गेले. बियाणे सदोष निघाल्यास २००९ चा महाराष्ट्र कापूस बियाणे अधिनियम आहे. किडीसाठी कृषी खात्याचे पंचनामे आहेत आणि हवामानासाठी पीकविमा आहे. ज्या शेतात खंड, उष्मा, ओसरलेले प्रथिन आणि अळी ही चारही एकत्र आली, त्यास कोणत्या रकान्यात बसवावयाचे? बियाणे कंपनी म्हणते, दोष हवामानाचा; विमा कंपनी म्हणते, दोष किडीचा; कृषी अधिकारी म्हणतो, फरदड ठेवली कोणी? प्रत्येकाचे उत्तर अंशतः खरे असल्यामुळेच ते टिकते, आणि शेतकऱ्याच्या हाती काही पडत नाही. एककारणी विज्ञान आणि एककारणी कारभार यांची ही जुळणी अपघाताने झालेली नाही. पैसेवारीच्या पद्धतीस ब्रिटिशकालीन आणेवारीची परंपरा आहे, आणि कसोटी-क्षेत्रातील प्रयोगही एका वेळी एकच घटक बदलण्याच्या शिस्तीवर उभा असतो.

ह्या दृष्टीने डिसेंबर २०१७ मधील राज्य शासनाची घोषणा इतिहासाच्या अभ्यासकास एका विलक्षण दस्तऐवजासारखी वाटते. बोंडअळीच्या नुकसानीपोटी कोरडवाहू कापसास हेक्टरी ३०,८०० रुपये व बागायतीस ३७,५०० रुपये जाहीर झाले. त्यांपैकी कोरडवाहूसाठी ६,८०० रुपये आपत्ती-निधीतून, ८,००० पीकविम्यातून आणि १६,००० बियाणे कंपन्यांकडून मिळावयाचे होते. बागायतीत आपत्ती-निधीचा भाग १३,५०० होता, बाकीचे दोन तसेच. एकाच शेतातील एकाच नुकसानीची अशी तीन वाटे करून मांडणी झाली. नुकसान संयुक्त आहे, हे शासनाने येथे नकळत मान्य केले, असा त्याचा अर्थ लावता येईल. परंतु वाटे कोणत्या प्रमाणात, ह्यास कोणतेही मोजमाप आधाराला नव्हते. आणि कंपन्यांनी आपला वाटा मान्य केला नाही, त्यामुळे निम्म्याहून मोठी किंवा जवळपास निम्मी रक्कम केवळ कागदावर राहिली. त्याच हंगामात यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी व शेतमजूर मृत्युमुखी पडले. उंच, दाट वाढलेली पऱ्हाटी, दमट उकाडा, आणि किडीच्या धास्तीने मिसळलेली अनेक औषधे, अशी तेथेही कारणे एकत्रच होती. चौकशीचे अहवाल मात्र पुन्हा एकेका कारणाभोवती लिहिले गेले.

ह्या विषयावर पुढे काम करू इच्छिणाऱ्या विद्यार्थ्यास एवढेच सुचवावेसे वाटते की, बियाणे-तक्रारींचे तालुका पातळीवरील पंचनामे, मंडळनिहाय दैनिक पावसाच्या नोंदी आणि जिनिंग कारखान्यांच्या आवकवह्या ह्या तिन्ही साधनांची सांगड अद्याप विस्ताराने घातली जावयाची आहे. पंचनाम्यात नुकसान दिसल्याची तारीख असते, पावसाच्या नोंदीत खंडाचे दिवस असतात, आणि आवकवहीत बोंडे केव्हा उमलली याची सावली असते. ह्या तीन तारखा शेजारी ठेवल्या म्हणजे, २००२ नंतरच्या कोणत्या हंगामात अळी आधी आली व कोणत्या हंगामात ताण आधी आला, हे गावागणिक निश्चित करता येईल.